वाळे वजा करून

ये गं, इकडं ये. दारात कशाला उभी? चप्पल काढ अन् उन्हात ये. जवळ बस. अजून जवळ. मला आताशा लांबचं ऐकू येत न्हाई, अन् रागवायचं असलं की जवळूनच रागवावं लागतं.

परवा वजनाचा दिवस होता. मी दळण घेऊन अंगणवाडीवरून चालले होते. पाहते तर तू तुझ्याच लेकराला काट्यावर निजवलेलं. पायात वाळे, हातात बिंदल्या, कमरेला चांदीचा करदोडा, डोक्याला लोकरीचं टोपडं. आकडा आला अन् तू तो मोबाइलात टाकूनही दिला. बाकीच्या बायांना मात्र तू बराबर सांगत होतीस, दागिने काढा, कपडे काढा. मंग घरच्या लेकराला वेगळा कायदा का गं?

तोंड पाडू नको. तू नवी आहेस, पण हात हळू आहे तुझा, अन् लेकरं तुला चिकटतात, हे काय थोडं आहे का? मी ह्याच गावात, ह्याच नोकरीत म्हातारी झाले. चौथी शिकलेली बाई मी. रजिस्टर लिहिता लिहिता अक्षर वळवायला शिकले अन् तक्ते भरता भरता हिशोब. म्हणून तुला सांगते, ही चूक बाहेरच्या बाईच्या हातून होत न्हाई. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं तोलणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातूनच होते.

माझ्या हातून झाली. अन् जिच्या बाबतीत झाली त्या माझ्या नातीला मी ती अठ्ठावीस वर्षं सांगितली न्हाई. सांगितली ती मागल्या हुरड्याच्या दिवसांत. तेव्हा तिचं जाणं का राहणं, हे माझ्या तोंड उघडण्यावर येऊन थांबलं होतं. चहा ठेवू का? राहू दे, आधी ऐक.

नात माझी लेकरांची डॉक्टर, हे तर तुला माहीत आहे. मोठ्या शहरातल्या सरकारी कॉलेजात तिनं ते शिक्षण पुरं केलं अन् मागल्या हिवाळ्यात पंधरा दिवसांसाठी गावी आली. आली ती लॅपटॉप घेऊनच. ह्याच गच्चीवर, ह्याच बाजेवर बसायची. समोर तुरी पिवळ्या पडून राह्यल्या होत्या, खालून हुरड्याच्या आगटीचा धूर यायचा, अन् ही आपली पांढऱ्या पडद्याकडं बघत बसलेली. दुपारी मी शेंगा सोलायला बसले की माझा डोळा लागायचा. डोळा उघडावा तर ही तिथंच. ऊन तेवढं सरकलेलं.

"काय लिहून राह्यलीस?" म्हणलं.

"एक पान लिहायचं हाये आज्जी. चार दिवस झाले, एक पान होईना."

मंग तिनं मला समजावून सांगितलं. जगात म्हणे आता लेकरांचे डॉक्टर एकमेकांच्या देशात जाऊन शिकतात. तिकडचे इकडं येतात, इकडचे तिकडं जातात. कुणी सहा आठवडे, कुणी वर्षभर. तिनं जिथं अर्ज केला होता ते आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्याच्या काठचं जिल्ह्याचं हॉस्पिटल होतं. तळं एवढं मोठं, की पलीकडचा काठ दिसत न्हाई. एक वर्ष तिथं राहायचं. तिथल्या डॉक्टरांच्या अन् नर्सबाईच्या हाताखाली काम करायचं. पहिला महिनाभर नुसतं बघायचं अन् त्यांची बोली शिकायची. आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरवर वर्ग, त्यात कितीतरी देशांतले असेच शिकणारे डॉक्टर. जुलाबानं सुकलेली लेकरं, छाती भरलेली लेकरं, अंग न धरणारी लेकरं. थोड्या सामानात, थोड्या माणसांत ती कशी वाचवायची, हे शिकायचं.

"ते तर आपल्या इथं बी हाये," मी म्हणलं. "तिकडं जाऊन काय नवीन शिकणार?"

"तेच तर ह्या पानावर लिहायचं हाये. तुम्हाला का यायचंय, असं विचारलंय त्यांनी. शुक्रवारी शेवटची तारीख."

"मंग काय लिहिलंस?"

तिनं इंग्रजीतलं मराठी करून वाचलं. बालआरोग्यातली विषमता दूर करण्यासाठी मी कटिबद्ध असून असं काहीतरी. मी ऐकून घेतलं. मंग म्हणलं, "हे कोण बोलून राह्यलं बाई? तू का आमची सुपरवायझर?"

ती हसली. मोठ्यानं हसली, पण हसता हसता तिनं ते पान पुसून टाकलं.

रविवारी माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, जालन्याहून मोटरसायकलीवर आला. तो एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात आहे, सूनबाई बी तिकडंच राहते. आला अन् हेल्मेट काढायच्या आधीच सुरू झाला. "माय, मी स्टँडजवळ गाळा बघून ठेवलाय. खाली मेडिकल हाये, वर दवाखाना. बोर्डाचं मापसुद्धा घेतलं."

"कुणाच्या बोर्डाचं?" नात म्हणाली.

"तुझ्या. अन् कुणाच्या? मी काय दवाखाना टाकू का? मी बियाण्याला तपासतो, लेकराला न्हाई."

"बाबा, मी अजून ठरवलं न्हाई."

"ठरवायचं काय त्यात? तिकडं लेकरं हायेत, इकडं न्हाईत का? माय, तू सांग हिला. तुझं ऐकते ती."

दोघंबी माझ्याकडं बघायला लागले. मी शेंगा सोलत होते. मी म्हणलं, "खरंच हाये त्याचं. आपल्या इथं काय लेकरं कमी पडली?"

नातीनं माझ्याकडं असं बघितलं, की मला शेंगेतला दाणा सापडेना.

मुलगा गेल्यावर ती म्हणाली, "आज्जी, खरं सांगू? मला का जायचंय ते मलाच माहीत न्हाई. आतून कुणीतरी ओढतंय एवढंच कळतं. पण ज्याला कारण लिहिता येत न्हाई, त्यानं दुसऱ्याची जागा अडवू नये. शुक्रवारी मी न्हाई म्हणून कळवते. बाबांचा बोर्ड लागू दे."

आता तुला माझ्या मनातलं सांगते, कुणाला सांगू नको. मला आनंद झाला. जालना काय, दीड तासावर. सणाला येईल, आजारी पडले तर येईल. अन् त्याच वेळी दुसरी एक गोष्ट मला पक्की माहीत होती. तिला जे कारण सापडत नव्हतं ते माझ्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवलेलं होतं. मी गप राहिले तर ती माझ्याजवळ राहणार होती. वर माझी लाजबी झाकलेली राहणार होती. नुसतं गप राहायचं. एवढं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

पण त्या दिवसापासून मला वाळ्यांचा आवाज यायला लागला.

खोटं न्हाई सांगत. दुपारी डोळा लागला की छुम, छुम. लांबून, जसं कुणी तुरीच्या ओळींतून चाललंय. उठून बघावं तर वारा. वाळलेल्या शेंगा वाऱ्यात तशाच वाजतात, हे मला कळत होतं. तरी मी पेटीकडं बघायची.

ऐक मंग. नात जन्मली ती लहानशी, ओंजळीत मावेल अशी. तिच्या आधी सूनबाईची दोन गेल्ती. म्हणून मी नवस बोलले. सासूनं न्हाई, सुनेनं न्हाई, मीच बोलले. हिच्या अंगावर चढलेली चांदी उतरवणार न्हाई, रेणुकाईच्या पायऱ्या ही स्वतःच्या पायांनी चढेल तेव्हाच उतरवीन. आमच्या घरात पहिल्यापासून असाच नवस बोलतात.

बारशाला मामानं वाळे घातले, चांगले जाड. मंग आत्यानं करदोडा आणला. उष्टावणाला दुसऱ्या मामानं बिंदल्या. मंग ठुशीसारखी एक माळ, काळे मणी अन् मधेमधे चांदीचे. ज्याला जेव्हा जमलं तेव्हा तो घेऊन आला, अन् लेकरू आपलं वाजत राहिलं. पाळण्यात वाजायचं, मांडीवर वाजायचं. आम्हाला वाटायचं, घर भरलं.

तेव्हा अंगणवाडीला खोली कुठली? लिंबाखाली भरायची. फांदीला काटा टांगायचा, घड्याळासारखा गोल, खाली कापडाची झोळी. लेकरू झोळीत घातलं की थोडं फिरायचं, गोल गोल, हळूहळू. रडणारं लेकरूबी त्या फिरण्यात गप व्हायचं अन् वर पानांकडं बघायचं. मला ते बघायला फार आवडायचं. वाटायचं, आता हा काटा सुटेल अन् लेकरू तरंगत जाईल वर, लिंबोळ्यांत.

बाकीच्या बायांना मी सांगायची, काढा गं सगळं. त्या काढायच्या. माझ्या घरचं लेकरू आलं की मी स्वतःच त्याला सगळ्यासकट झोळीत घालायची. नवस होता ना! अन् दर महिन्याला तक्त्यावर ठिपका द्यायची निळ्या शाईनं. ठिपके जोडले की रेघ. रेघ वर चालली होती. हळू चालली होती, पण वर चालली होती. मी म्हणायची, लहानच जन्मली ती, चाल तिची बारीक आहे, पण चालतेय.

त्या वर्षी तालुक्याच्या एका दवाखान्यात परदेशातली एक डॉक्टरीण आल्ती. शिकायला आल्ती, तीबी लेकरांचंच शिकत होती. पंचविशी-तिशीची असेल. थंडीच्या देशातली, त्यामुळं आपल्या उन्हात तिच्या नाकाची साल निघून राह्यली होती. इथल्या नर्सबाईबरोबर जीपमधून गावोगाव फिरायची. मराठी म्हणशील तर बस, पाणी, दुखतंय का, एवढंच. तिचं नाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं न्हाई, अन् तिला माझं.

आमच्या गावात ती आली त्या दिवशी वजनाचा दिवस होता. मला वाटलं, आता ही काटा बघेल, रजिस्टर मागेल, चुका काढेल. तिनं काहीच केलं न्हाई. लिंबाच्या बुडाशी पोत्यावर बसली अन् सबंध सकाळ नुसती बघत राहिली. आया कशा येतात, लेकरू कोण उतरवतं, कोण पदराखाली झाकून ठेवतं. नर्सबाई दोनदा म्हणाली, चला. ती बोटानं सांगायची, थांब.

शेवटी आमची पोरगी आली. दहा महिन्यांची होती. सूनबाईनं ती तिच्या मांडीवर दिली. त्या बाईनं दागिन्याकडं बघितलंच न्हाई. अंगठा अन् एक बोट घेतलं अन् पोरीच्या दंडाभोवती नेलं. असं. बोट अंगठ्याला सहज जाऊन टेकलं. तशीच धरून बसली थोडा वेळ, जसं दूध गरम आहे का ते बघतात. मंग तिनं एक पट्टी काढून दंड मोजला. मंग माझा तक्ता मागितला. निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. अन् मंग पोरीचा पाय उचलून, वाळ्याखाली तळहात धरून, त्याचं वजन पाहिलं अन् माझ्याकडं बघितलं.

मी हात जोडून सांगितलं, काढता येत न्हाई. देवीचं आहे. नर्सबाईला राग आला, "सेविका असून असं?" म्हणाली. पण त्या बाईनं तिला गप केलं. जरा विचार केला अन् नर्सबाईकडून मला विचारलं, असेच दागिने गावात दुसऱ्या कुणाकडं आहेत का? रिकामे?

आता गावात चांदी काय, सोनाराच्या एकाच साच्यातली. शेजारणीनं तिच्या पोराचे काढून ठेवलेले वाळे आणले, कुणी बिंदल्या, कुणी करदोडा, कुणी माळ. त्या बाईनं सगळं एका फडक्यात बांधलं अन् ते गाठोडं रिकाम्या झोळीत ठेवलं. नुसतं गाठोडं. झोळी हलली, फिरली, तशीच हळूहळू, गोल गोल. अन् काटा अडीच रेघांवर, म्हणजे पाव किलोवर जाऊन उभा राहिला.

नवस मोडला न्हाई, पोरीच्या पायातला वाळाबी हलला न्हाई, अन् तरी मला सगळं दिसलं.

ती माझ्या शेजारी येऊन बसली. कानावरची पेन्सिल काढली. मला बोटानं विचारलं, हे कधी आलं, वाळे? मी महिना दाखवला. करदोडा? तो महिना. बिंदल्या? तो. एकेक करून तिनं प्रत्येक महिन्यातून ते वजा केलं अन् माझ्या निळ्या ठिपक्यांच्या खाली बारीक ठिपके दिले. मंग ते जोडले. माझी रेघ वर चालली होती. तिची रेघ चार महिन्यांपासून आडवी होती, जशी निजलेली. चार महिने चांदी वाढत होती अन् लेकरू तिथंच थांबलेलं होतं. माझ्या मांडीवर, माझ्या डोळ्यांपुढं.

तीन आठवडे पोरगी अन् सूनबाई त्या दवाखान्यात होत्या. छातीत जुना कफ धरला होता, म्हणून अंगाला काही लागत नव्हतं. औषध झालं, वाटी-चमच्यानं थोडं थोडं भरवणं झालं. ती बाई स्वतः भरवायची, "घे, घे" म्हणायची, तेवढे दोन शब्द तिनं नव्यानं शिकून घेतल्ते. तिच्या वहीत मी एकदा डोकावले, तर तिनं वाळ्यांचं चित्र काढलेलं. जायच्या दिवशी नर्सबाईकडून म्हणाली, मी इथं जे शिकले ते माझ्या पुस्तकात नव्हतं. मला हसू आलं अन् रडूबी. मनात म्हणलं, बाई, माझी चूक शिकून चाललीस तू.

त्यानंतर ती कुठं गेली ते मला माहीत न्हाई. पोरगी दीड वर्षाची झाली तेव्हा रेणुकाईच्या पायऱ्या चढली, रांगत न्हाई, उभ्यानं, पडत उठत. वरच्या पायरीवर मी वाळे उतरवले. तक्ता अन् वाळे एका फडक्यात बांधून पेटीत टाकले. पोरीला सांगितलं एवढंच, तू लहानपणी आजारी होतीस, बरी झालीस. त्यात खोटं काय होतं? पण त्यात मी कुठं होते?

आता पुन्हा मागल्या हिवाळ्यात ये. गुरुवारची दुपार. शुक्रवार उद्यावर आलेला. नात बाजेवर उताणी पडून आभाळात घारी बघत होती, लॅपटॉप मिटलेला. मी खाली गेले. पेटी उघडली. वर आले अन् ते गाठोडं तिच्या पोटावर ठेवलं.

"काय हाये हे?"

"तुझं पान."

मंग सांगितलं, जसं आता तुला सांगितलं तसं, पण थांबत थांबत. ती उठून बसली. तक्ता उन्हात धरला. शाई उडून गेल्ती, पण पेन्सिल तशीच होती. डॉक्टर आहे ना, तिला काही सांगावं लागलं न्हाई. दोन्ही रेघांवरून तिनं बोट फिरवलं, अगदी त्या बाईसारखं.

"म्हणजे तुझ्या रजिस्टरात मी धडधाकट होते."

"हो."

"अन् खरी?"

"खरी ह्या पेन्सिलीत."

"आज्जी, तू मला चांदीसकट तोललंस!" असं म्हणून ती हसली, पण ते हसू अर्ध्यात बंद पडलं. मंग तिनं उलटतपासणीच घेतली. "ताप होता का? खोकला किती दिवस? दूध पीत होते? घाम यायचा?" मी एकेक उत्तर देत होते. शेवटी म्हणाली, "अन् तुला चार महिने कळलं न्हाई?"

"न्हाई कळलं."

"गावातली सगळी लेकरं तुला कळायची."

"हो."

ती उठून खाली गेली. संध्याकाळी मी हुरडा भाजला, तीळ-लसणाची चटणी केली, हाका मारल्या. आली न्हाई. मी एकटीनं दोन घास खाल्ले अन् बाकीचा हुरडा तिच्यासाठी झाकून ठेवला. माझ्या मनात दोन्ही भीती एकदम आल्या. ही जाईल, अन् जाताना माझ्यावर रागावून जाईल.

पहाटे मी अंगण झाडायला उठले तर गच्चीवर उजेड. ती पांघरूण घेऊन बसलेली, बोटं भराभर चालू. मी चहा नेला. तिनं कप घेतला पण माझ्याकडं न बघता म्हणाली, "हे सगळं लिहू का? तुझी चूक बी लिहावी लागते त्यात. त्याच्याशिवाय ते कारण होत न्हाई."

"लिही. नाव नको घालू माझं, एवढंच."

"अन् त्यांनी घेतलं तर? जाऊ मी?"

तुला सांगते, मी शेताकडं बघितलं. समोर तुरींवर धुकं बसलेलं होतं, अन् मला वाटलं ते तळंच आहे, पलीकडचा काठ न दिसणारं. त्यात लांबवर एक झोळी टांगलेली दिसली, गोल गोल फिरणारी. कुणाचं तरी लेकरू होतं आत, कुणाच्या तरी आज्जीनं सजवलेलं.

मी म्हणलं, "जा. पण जाऊन एकदम हात घालू नको कशाला. आधी एक सबंध सकाळ झाडाखाली बसून राहा."

तेव्हा कुठं तिनं माझ्याकडं बघितलं. मंग पांघरुणाचं एक टोक उचललं अन् मला आत घेतलं. ऊन येईपर्यंत आम्ही तशाच बसलो.

त्यांनी तिला घेतलं. मुलगा आला, तोंड वाकडं करून. "माय, मी तुझ्यावर भरवसा टाकला होता. गाळ्याचं काय करू आता?"

"गाळा कुठं पळून चाललाय? त्यात तूच बियाणं विक." दोन महिने बोलला न्हाई माझ्याशी. आता तोच रविवारी येऊन फोन लावून देतो अन् माझ्या आधी स्वतःच बोलत बसतो.

गच्चीच्या त्या कोपऱ्यात रेंज येते. फोनमधे ते तळं मी बघितलंय. पाणी इतकं गप, की आभाळ खाली सांडल्यासारखं. तिनं मला तिथल्या एक नर्सबाई दाखवल्या, माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच जाड. पहिल्या महिन्यात त्यांनी हिला चांगलं रागावलं होतं. तिथंबी आया लेकरांच्या कमरेला माळ बांधतात, रंगीत मण्यांची. हिनं बघितली, अन् हिला आपले वाळे आठवले. झाडाखाली बसायचं विसरली. दुसऱ्याच दिवशी आयांना सांगायला लागली, माळा काढा, वजन चुकतं.

नर्सबाईनं हिचा हात धरून बाजूला नेलं. एक माळ काट्यावर टाकून दाखवली. काटा हललासुद्धा न्हाई. मंग एका लेकराजवळ नेलं अन् त्या माळेखाली बोट घालायला लावलं. माळ कमरेवरून खाली घसरायला लागली होती. त्या बाया त्यावरूनच लेकराची वाढ ओळखतात, म्हणे. लेकरू वाढलं की माळ घट्ट होते, नवीन ओवतात. सैल झाली की आई दवाखान्याची वाट धरते. काट्याच्या आधी माळ सांगते.

"आज्जी," ती फोनवर म्हणाली, "मी तुझीच चूक उलटी करत होते. तू न काढून चुकलीस, मी काढून चुकले असते."

"मंग आता?"

"आता रोज सकाळी बसते. त्यांच्याजवळ. बोलत न्हाई जास्त."

"किती सकाळी झाल्या?"

"मोजल्या न्हाई."

मला फार बरं वाटलं बघ ते ऐकून. त्या रात्री मला वाळे ऐकू आले न्हाईत, अन् त्यानंतरबी न्हाई.

तुझा चहा राहिलाच की गं. बस, ठेवते. अन् डोळे पूस, मी काही तुझी तक्रार करत न्हाई कुणाकडं. तुझ्या घरातबी नवस असेल, सासूबाई असतील, मामाची चांदी असेल. काढ म्हणून मी सांगणार न्हाई. पण माझा तो जुना गोल काटा अजून आहे, गच्चीच्या लोखंडी कडीला टांगता येतो. वाळेबी आहेत पेटीत, तुझ्या लेकराच्या पायात आहेत तसेच, सोनार एकच ना आपला. करदोडा अन् बिंदल्या शेजारून मागून आणते. गाठोडं बांधून झोळीत ठेवू, बघू काटा किती रेघा चालतो ते. तू पेन्सिल आण.

रविवारी नात फोनवर असते, तिलाबी दाखवू लेकराचा दंड. पण रविवारपर्यंत कशाला थांबतेस? माझे असेच चार महिने गेले होते. उद्या सकाळीच ये, ऊन गच्चीवर आलं की. लेकराला घेऊन ये, झोपलेलं असलं तरी उचलून ये. मी वाट बघते. जल्दी ये गं.